टॉपस्पिन सर्व्ह शिकतोय, सेकंड सर्व्हसाठी मदत हवी

बाणेर_बेसलाईन

नमस्कार मंडळी. वय ४१, उंची ५ फूट ६ इंच, उजव्या हाताने खेळतो, पुण्यात, आठवड्यातून तीन सकाळी. शाळा-कॉलेजात क्रिकेट, टेनिस सुरू केलं तेव्हा पस्तिशी उलटली होती. फोरहँड ठीक, व्हॉली बरी, फर्स्ट सर्व्ह फ्लॅट, म्हणजे स्पिन न देता मारतो आणि आत पडला तर चांगला जातो. खरा प्रॉब्लेम सेकंड सर्व्हचा, म्हणजे पहिला चुकल्यावर जो मिळतो त्याचा. आत्तापर्यंत नुसता ढकलत आलोय, समोरचा दोन पावलं पुढे येऊन उभाच असतो आणि सरळ माझ्या पार्टनरच्या अंगावर मारतो.

गेल्या रविवारी क्लबच्या डबल्समधे ५-४, ४०-३०, सर्व्ह माझी, म्हणजे मॅच आमच्या हातात होती. मी डबल फॉल्ट केला (दोन्ही सर्व्ह चुकले), मग ड्यूसला (४०-४० ला) परत एक, आणि मग हात असा आखडला की ती गेमही गेली आणि पुढे सेटही गेला. पार्टनर काही बोलला नाही, नुसता पाठीवर हात ठेवला. ते मला फार लागलं. त्या दिवसापासून ठरवलंय की टॉपस्पिन सर्व्ह (बॉलला पुढच्या दिशेने फिरकी देऊन मारायचा) नीट शिकायचाच, कितीही महिने लागू देत.

व्हिडिओ बरेच पाहिले. सगळे म्हणतात बॉल म्हणजे घड्याळ समजा आणि ७ वरून १ कडे ब्रश करा. मी करायला गेलो की बॉल फ्रेमला लागतो, नाहीतर सर्व्हिस लाईनच्या पार पुढे जातो, नाहीतर नेटमधे. टॉस, म्हणजे सर्व्हसाठी वर उडवायचा बॉल, डोक्यावर टाकायचा की डावीकडे? मनगटाने झटका द्यायचा का? आणि माझ्या उंचीला हा सर्व्ह जमतो का मुळात? कुणी हे सगळं केलेलं असेल तर सविस्तर लिहा प्लीज.

गणिताचा_तास

उंचीचं आधी सांगतो, कारण हा हिशोब मी स्वतःसाठी मांडला होता. बेसलाईनपासून नेट ३९ फूट, नेटपासून सर्व्हिस लाईन २१ फूट, म्हणजे एकूण ६०. नेट मधोमध ३ फूट. आता समजा बॉल दोरी ताणल्यासारखा सरळ रेषेत गेला, नेटला घासून आणि बरोबर सर्व्हिस लाईनवर पडला, तर रॅकेटला तो किती उंचीवर लागला पाहिजे? ३ गुणिले ६० भागिले २१, म्हणजे साधारण ८ फूट ७ इंच. आणि नेटच्या वर अर्धा फूट जागा हवी असेल तर १० फूट! आपण साधारण आपल्या उंचीच्या दीडपट उंचीवर बॉल मारतो, म्हणजे तुमचं होतं सव्वाआठ फूट. थोडक्यात तुमचा सर्व्ह सरळ रेषेत आत पडूच शकत नाही, त्याला कुणीतरी खाली ओढावं लागतं. हळू मारला तर ते काम गुरुत्वाकर्षण करतं, आणि तोच तुमचा सध्याचा ढकललेला सर्व्ह. जोरात मारून आत पाडायचा असेल तर दुसरं कुणीतरी ओढणारं हवं, आणि ते म्हणजे टॉपस्पिन. बॉलचा वरचा भाग पुढे फिरत असतो, त्यामुळे मागे जाणारी हवा वरच्या बाजूला वळते आणि बॉल खाली दाबला जातो. लेगस्पिनरचा टॉपस्पिनर असाच शेवटी अचानक खाली येतो आणि पडल्यावर जास्त उसळतो, क्रिकेट खेळलाय म्हणजे तुम्ही तो नक्की खेळला असणार.

म्हणून "माझ्या उंचीला जमेल का" हा प्रश्न मला उलटा वाटतो. बुटक्या माणसाला हा सर्व्ह उंच माणसापेक्षा जास्त लागतो.

एडबर्गभक्त

+१. २०१९ ची बालेवाडीची टाटा ओपन महाराष्ट्र स्पर्धेची फायनल मी स्टेडियममधे बसून पाहिली, केव्हिन अँडरसन विरुद्ध इव्हो कार्लोविच. एक ६ फूट ८, दुसरा ६ फूट ११, तिन्ही सेट टायब्रेकला गेले आणि अँडरसन ७-६, ६-७, ७-६ जिंकला. एवढ्या उंचीची माणसंसुद्धा सेकंड सर्व्हला स्पिनच वापरतात. टीव्हीवर कळत नाही, पण बेसलाईनच्या मागून बघितलं की बॉल नेटच्या किती वरून जातो आणि मग कसा खाली कोसळतो ते दिसतं, माझं मत त्या दिवशी कायमचं बदललं.

लाल_माती

अठरा वर्षं शिकवतोय, आधी मार्कर (क्लबमधे मेंबरांबरोबर खेळणारा) होतो, आता लहान-मोठे दोन्ही बॅच घेतो. थोडं लांब लिहितो, चालवून घ्या.

पहिली गोष्ट ग्रिप. डास मारायची बॅट धरतो तशी रॅकेट धरून सर्व्ह करणारे निम्म्याहून जास्त असतात, आणि त्या ग्रिपने टॉपस्पिन सर्व्ह येणं जवळजवळ अशक्य. हातोडा धरतो तशी धरा. हँडलला आठ बाजू असतात, रॅकेटची कड जमिनीकडे करून धरली की वरची सपाट बाजू एक नंबर, तिच्या उजवीकडची तिरकी बाजू दोन नंबर, तर्जनीच्या मुळाचं हाड त्या दोन नंबरवर आलं पाहिजे. हीच काँटिनेंटल. पुढे सवय झाली की किंचित एक नंबरकडे सरकवली तर स्पिन अजून मिळतो, पण आत्ता नको. पहिले पंधरा दिवस सगळे बॉल डावीकडे जातील आणि खूप विचित्र वाटेल, तेव्हा लोक गुपचूप जुन्या ग्रिपवर जातात आणि शिकणं तिथंच संपतं. जाऊ नका.

दुसरी, आणि माझ्या मते सगळ्यात मोठी गोष्ट: सेकंड सर्व्हला हात हळू करायचा नाही. हात फर्स्ट सर्व्हइतकाच जोरात फिरतो, कधीकधी त्याहून जास्त, फक्त तो जोर पुढे न जाता वर जातो. घाबरलेला माणूस हात हळू करतो, हात हळू झाला की स्पिन जातो, स्पिन गेला की बॉल लांब जातो, आणि मग तो अजून घाबरतो. तुमच्या ५-४ च्या गेममधे हेच झालं असणार.

घड्याळाचं ७ ते १ बरोबर आहे पण त्याने लोक बॉलची साल काढायला जातात आणि बॉल फ्रेमला लागतो. मी असं सांगतो: रॅकेटची कड बॉलकडे ठेवून वर जायचं, कुऱ्हाड वर फेकल्यासारखी, आणि अगदी शेवटच्या क्षणी हात आपोआप बाहेर वळतो. बॅडमिंटनचा स्मॅश येत असेल तर ते वळणं तुम्हाला येतंच, ते कोपरापासून पुढच्या हाताचं आहे. मनगटाचा झटका वेगळा द्यायचा नाही, मनगट सैल ठेवायचं, बस. रॅकेट मागे असताना तिचं तोंड आभाळाकडे असेल, म्हणजे ताट धरल्यासारखं, तर पुढचं काहीच होत नाही, हे मोबाईलवर मागून शूट करून बघा.

टॉस. फ्लॅटला पुढे आणि उजवीकडे टाकता, याला डोक्याच्या वर, फार तर डाव्या खांद्याच्या रेषेत, आणि फ्लॅटइतका पुढे नाही. बॉल बोटांच्या टोकांवर ठेवा, तळहातात नको. टॉस वाकडा गेला तर मारू नका, हातात झेला आणि परत टाका, नियमात पूर्ण परवानगी आहे.

सुरुवात बेसलाईनवरून करूच नका. सर्व्हिस लाईनवर एक गुडघा टॉवेलवर टेकून बसा आणि समोरच्या बॉक्समधे सर्व्ह करा. बसल्यावर नेट इतकं उंच दिसतं की खाली मारायचं सुचतच नाही, वरच मारावं लागतं. वीस-तीस झाले की उभे राहा, मग हळूहळू चार-चार पावलं मागे. बेसलाईनवर पोचलात की नेटच्या दोन्ही टोकांना बांबू बांधून नेटच्या ३ फूट वर सुतळी ताणा आणि प्रत्येक सर्व्ह सुतळीवरून घाला. बॉल कुठे पडतो ते पहिला महिना बघायचंच नाही, सुतळीवरून गेला का आणि फिरला का एवढंच.

सातारकर

लाल_माती सर, टॉसच्या बाबतीत जरा बोलू का. मला आमच्याकडे एकाने टॉस पार डोक्याच्या मागे डावीकडे टाकायला लावला, कमान करून मागे वाक म्हणायचे, किक (पडल्यावरची उंच उसळी) खूप यायची हे खरं, पण चार महिन्यांत कंबर धरली ती दीड वर्ष सुटली नाही. त्यामुळे चाळिशीच्या माणसाने हा सर्व्ह शिकूच नये असं माझं मत झालंय, स्लाईस (बाजूला फिरणारा सर्व्ह) शिका आणि निवांत खेळा.

फिजिओताई

सातारकर, तुमचा त्रास खराय आणि तो मी दवाखान्यात नेहमी बघते. पण दोष सर्व्हचा कमी आणि कमान कुठून केली याचा जास्त. कंबर मागे वाकवणं, त्याच वेळी एका बाजूला झुकणं आणि वर पिळणं, हे तिन्ही एकत्र आलं की कमरेच्या मणक्यांच्या मागच्या भागावर सगळा भार येतो. क्रिकेटमधल्या तरुण फास्ट बोलर्सना तिथे स्ट्रेस फ्रॅक्चर होतं ते याच कारणाने, आणि टेनिसच्या मुलांनाही होतं.

करायचं काय तर गुडघे वाकवायचे आणि पुढच्या बाजूचं कमरेचं हाड कोर्टाच्या आत ढकलायचं, मग छाती आपोआप वर बघते, मुद्दाम मागे वाकावं लागत नाही. पायांतून वर उसळी घ्यायची. टॉस डोक्याच्या मागे कधीच नको, लाल_माती म्हणताहेत तेवढाच. सुरुवातीला एका दिवसात ४०-५० च्या वर सर्व्ह मारू नका, त्याआधी रबर बँडने खांद्याचे बाहेर फिरवायचे व्यायाम आणि प्लँक. मागे वाकल्यावर कमरेत एकाच बाजूला दुखत असेल आणि ते आठवडाभर टिकलं तर खेळ थांबवून दाखवून घ्या, बाम लावून खेळत राहू नका.

आई_कोर्टवर

ताई, माझी मुलगी १० वर्षांची आहे, तिच्या बॅचमधल्या एका मुलाला किक सर्व्ह शिकवतात म्हणून ती पण हट्ट करतेय. शिकवू का?

फिजिओताई

कमान आणि जोर आत्ता नको, हाडं वाढत असतात. ग्रिप मात्र आत्ताच बरोबर लावा.

लाल_माती

सहमत. तिला ग्रीन बॉलने (मुलांसाठीचा मऊ बॉल) खेळू द्या, तो साध्या बॉलपेक्षा साधारण २५ टक्के हळू असतो, आणि रोज बॉल हाताने लांब फेकायला लावा, क्रिकेटमधे बाउंड्रीवरून थ्रो करतात तसा. जिला फेकता येतं तिला सर्व्ह येतो. पोरींना लहानपणी फेकायला कुणी देत नाही आणि मग मोठेपणी सर्व्ह कमजोर म्हणतात, याचा मला फार राग येतो. फेकू द्या तिला.

एडबर्गभक्त

मुलीला सॅम स्टोसरचे सर्व्ह दाखवा! २०११ च्या यूएस ओपन फायनलमधे तिने सेरेनाला ६-२, ६-३ हरवलं. उसळून खांद्याच्या वर जाणारा तिचा किक सर्व्ह महिलांच्या टेनिसमधे फार कमी जणींकडे होता. आणि स्वीडनच्या स्टेफान एडबर्गबद्दल माझ्या नावामुळे लिहावंच लागेल. तो पॉईंट जिंकायला किक मारायचा नाही, वेळ मिळवायला मारायचा. बॉल हवेत जास्त वेळ राहतो, उंच उसळतो, समोरच्याला खांद्याच्या वरून बॅकहँड मारावा लागतो, तोवर हा नेटजवळ पोचलेला. विम्बल्डन दोनदा, १९८८ आणि १९९०. डबल्स खेळणाऱ्यांनी हा विचार जरूर करावा, कारण आपल्यालाही पुढे यायला तेवढाच वेळ हवा असतो.

डबल फॉल्टची भीती वाटते त्यांच्यासाठी: बेलारूसची अरिना सबालेंका २०२२ च्या सुरुवातीला एकेका मॅचमधे ढीगभर डबल फॉल्ट करत होती, कोर्टवर रडली सुद्धा. मग बायोमेकॅनिक्सवाल्या माणसाबरोबर बसून सर्व्ह नव्याने बांधला आणि जानेवारी २०२३ मधे ऑस्ट्रेलियन ओपन जिंकली.

न्यूजर्सीकर

इथे थंडीत इनडोअर खेळतो, मी डावखुरा, त्यामुळे माझं घड्याळ ५ वरून ११ कडे. एक गोष्ट सांगतो जिने मला सगळ्यात जास्त फायदा झाला. जुन्या बॉलचा अर्धा भाग काळ्या स्केचपेनने रंगवा आणि तो मारून मागून शूट करा, बॉल कसा फिरतोय ते स्पष्ट दिसतं. मी सहा महिने समजत होतो की मी टॉपस्पिन मारतोय, प्रत्यक्षात तो शुद्ध स्लाईस होता, बाजूला फिरणारा. कारण काय तर मी फार लवकर समोर वळत होतो. छाती बाजूच्या कुंपणाकडे जास्त वेळ ठेवा, नेटकडे नाही. एवढं बदललं आणि तिसऱ्या दिवशी पहिला बॉल उसळला.

बाणेर_बेसलाईन

सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं भरभरून कुणी लिहील असं वाटलं नव्हतं. तीन आठवडे झाले, रिपोर्ट देतो.

ग्रिप बदलली. पहिला आठवडा भयंकर गेला, बॉल शेजारच्या कोर्टात, एकदा तर पार्किंगमधे. गुडघ्यावर बसून मारायला लाज वाटत होती, आजूबाजूला सगळे बघत होते, पण मार्कर काकांनी स्वतः टॉवेल आणून दिला आणि शेजारी उभे राहून बॉल देत राहिले, त्यांचे उपकार आहेत. रंगवलेला बॉल शूट केला आणि न्यूजर्सीकर, अगदी तुमच्यासारखंच, स्लाईस! आता छाती कुंपणाकडे ठेवतोय. फ्रेमला लागणं निम्म्याने कमी झालं.

पण उसळी काही येत नाहीये. सुतळीवरून जातो, आत पडतो, आणि पडल्यावर मरतो. काय चुकतंय?

लाल_माती

बॉल कुठले वापरताय?

बाणेर_बेसलाईन

क्लबच्या बास्केटमधले.

लाल_माती

मग तुमचं काही चुकत नाहीये. बास्केटमधले बॉल महिनोन्महिने जुने, आतली हवा गेलेली, ते कुणाच्याच सर्व्हवर उसळणार नाहीत. त्यात सकाळी पाणी मारलेलं ओलं कोर्ट. एक नवा डबा फोडा, तीनच बॉल, दहा वाजता कोर्ट वाळल्यावर मारा आणि मागच्या कुंपणाला बॉल किती उंचीवर लागतो तिथे खडूने खूण करा.

बाणेर_बेसलाईन

सर!! आत्ताच कोर्टवरून आलो. पहिले दोन साधे गेले आणि तिसरा पडल्यावर अक्षरशः उडाला, खूण माझ्या छातीच्या उंचीवर. आवाज पण वेगळा आला, फ्लॅटसारखा ठाक्कन नाही, खर्रकन घासल्यासारखा. पन्नासातले नऊ असे गेले, मोजले मी.

सातारकर

अभिनंदन. माझं मत थोडं बदलतंय तुमचं वाचून. ताईंनी सांगितलेलं कमरेचं हाड पुढे ढकलायचं नुसतं घरात आरशासमोर करून बघतोय, अजून दुखलं नाही.

पहाटेचा_खेळाडू

स्पिनसाठी रॅकेटला पॉली (पॉलिएस्टरची कडक) स्ट्रिंग लावू का? दुकानवाला म्हणतो लगेच फरक पडेल.

लाल_माती

हात जोरात फिरत नसेल तर फरक पडणार नाही, आणि कोपर दुखायला लागेल ते वेगळं. आधी सर्व्ह, मग स्ट्रिंग. लावलीच तर टेन्शन, म्हणजे स्ट्रिंगचा ताण, कमी ठेवा आणि तुटली नाही म्हणून वर्षभर वापरू नका, पॉली तुटायच्या आधीच मरते.

बाणेर_बेसलाईन

पाऊस लागला आणि कोर्ट बंद. दोन महिने वाया जाणार म्हणून फार वाईट वाटत होतं. मग मुलीची सायकल पार्किंगमधे उलटी ठेवली, मागचं चाक माझ्या उंचीला येईल असं टेबलावर, आणि रॅकेटने ते चाक खालून वर घासून फिरवायचं, रोज रात्री जेवणानंतर शंभर वेळा. ढकललं तर चाक हलत नाही, घासलं तर गरगर फिरतं. मुलगी मोजायची. टॉस पण भिंतीजवळ उभा राहून, भिंतीवर खूण करून, रोज पन्नास.

बाणेर_बेसलाईन

ऑक्टोबर अपडेट. परवा पहिल्यांदा मॅचमधे वापरला. ३०-४०, फर्स्ट सर्व्ह नेटमधे, अ‍ॅड कोर्ट (सर्व्हची डावी बाजू), आणि समोर तेच काका जे कायम दोन पावलं पुढे येतात. पोटात गोळा आला होता. लाल_माती सरांचं एकच वाक्य डोक्यात ठेवलं, हात हळू करायचा नाही, आणि पूर्ण जोरात वर फेकला. नेटच्या बऱ्याच वरून गेला, मला वाटलं गेला बाहेर, पण आत पडला आणि त्यांच्या बॅकहँडच्या बाहेर उसळला, खांद्याच्या वर. त्यांनी कसाबसा उंच परत केला आणि माझ्या पार्टनरने तो संपवला. हा तोच पार्टनर, मागच्या वेळचा. आम्ही दोघंही काही बोललो नाही, पण यावेळी तो हसत होता. त्या मॅचमधे डबल फॉल्ट तीन झाले, सेट ७-५ हरलो, तरी घरी येऊन बायकोला तो एक पॉईंट दोनदा सांगितला.

आता प्रश्न ड्यूस कोर्टचा, म्हणजे उजव्या बाजूचा. अ‍ॅडला बॉल बॅकहँडच्या बाहेर जातो, पण ड्यूसला मी बाहेरच्या बाजूला मारला की त्यांच्या फोरहँडच्या हातातच उसळतो. तिथे काय करायचं?

लाल_माती

मधे मारा, टीच्या रेषेवर, म्हणजे मधली रेषा सर्व्हिस लाईनला मिळते तिकडे. तिथे उजव्या हाताच्या माणसाचा बॅकहँड असतो आणि नेटही सगळ्यात खाली असतं. उभं राहताना मधल्या खुणेच्या जवळ सरका, टॉस तोच ठेवा, फक्त मागचा पाय अजून चार बोटं डावीकडे मागे घ्या म्हणजे खांदे जास्त वळतील. टीजवळ नवा डबा ठेवून त्याला पाडायचा प्रयत्न करा, रोज वीस. आणि व्हिडिओ टाका, पायाचं मला बघायचंय.

बाणेर_बेसलाईन

उद्या सव्वासहाला कोर्ट मिळालंय. पार्टनर पण येतोय, शूट तोच करणार आहे. दुपारपर्यंत टाकतो.